लव्हस्टोरी की पैशाचा हिशेब? ३० वर्षं जुना 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' आजही का पाहिला जातो

एक माणूस मरणाच्या दारात आहे. घरात त्याची दुसरी बायको आणि तीन मुली आहेत. पण राहता वाडा, जमीन, सगळं पहिल्या बायकोच्या मुलाकडे जाणार आहे. बाप त्या मुलाकडून शब्द घेतो की सावत्र आईला आणि बहिणींना तो वाऱ्यावर सोडणार नाही.

मुलगा तसा वाईट नाही. बहिणींना तीन हजार पौंड द्यायचं तो ठरवतो. बायको म्हणते, एवढे कशाला? मग आकडा दीड हजारावर येतो. मग वर्षाला शंभर. आणि त्यांची घोडागाडी त्या वाड्यावर पोहोचेपर्यंत उरतं काय, तर अधूनमधून थोडीफार मदत!

ही सुरुवात आहे १९९५ साली आलेल्या 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' या सिनेमाची. लोक त्याला जुन्या काळातली गोड प्रेमकथा म्हणून ओळखतात. पण पहिल्या काही मिनिटांतच सिनेमा सांगून टाकतो की इथे प्रेमाचा रस्ता पैशाच्या दारावरून जातो.

गोष्ट काय आहे?

जेन ऑस्टेनची ही कादंबरी १८११ साली प्रसिद्ध झाली. डॅशवूड घराण्यातल्या तीन बहिणींपैकी थोरली एलिनॉर समंजस, सगळं मनात ठेवणारी. मधली मॅरियन भावनेच्या भरात वाहून जाणारी. धाकटी मार्गारेट अजून लहान. नॉरलँडचा वाडा सोडून आईसोबत त्यांना डेव्हनमधल्या एका छोट्या घरात राहायला जावं लागतं.

एलिनॉरचा जीव एडवर्ड फेरर्सवर जडतो, पण त्याचा साखरपुडा आधीच गुपचूप दुसरीशी झालेला असतो. मॅरियन देखण्या विलोबीच्या प्रेमात पडते. त्याची आत्या त्याला संपत्तीतून बेदखल करते आणि तो पन्नास हजार पौंडांची मालकीण असलेल्या मिस ग्रेशी लग्न करतो. मॅरियनवर मनापासून प्रेम करणारा कर्नल ब्रँडन मात्र शांतपणे वाट पाहत राहतो.

मुलींना काहीच का मिळालं नाही?

सिनेमात एलिनॉर धाकटीला समजावते की कायद्यानं घर बापाकडून मुलाकडे जातं, मुलीकडे नाही. कादंबरीत हा मामला जास्त गुंतागुंतीचा आहे. तिथे एका म्हाताऱ्या नातेवाइकाच्या मृत्युपत्रानं इस्टेट अशी बांधून ठेवलेली असते की ती पुढे मुलाच्या मुलाकडेच जावी. त्या काळात इंग्लंडमधली जमीनदार घराणी अशाच तजविजी करून इस्टेट पुरुषांकडे ठेवायची.

बरं, लग्न झाल्यावर तरी सुटका होती का? तर नाही. बाईचा पैसा आणि मिळकत बहुतांशी नवऱ्याच्या ताब्यात जायची. इंग्लंडमध्ये हे चित्र बदललं ते १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी, म्हणजे कादंबरी आल्यानंतर साठ-सत्तर वर्षांनी. नोकरीचं म्हणाल, तर चांगल्या घरच्या मुलीला श्रीमंतांच्या मुलांना शिकवण्यापलीकडे फारसा पर्याय नव्हता.

डॅशवूड मायलेकींकडे उरतात वर्षाला पाचशे पौंड, तेही चौघींत. कादंबरीत एका ठिकाणी सुखानं जगायला किती लागतं यावर बहिणींची चर्चा होते. भावनेची पुतळी असलेली मॅरियन म्हणते, साधारण दोन हजार. व्यवहारी एलिनॉरला हजारही श्रीमंती वाटते. गंमत म्हणजे ब्रँडनचं उत्पन्न बरोबर दोन हजार आहे!

ऑस्टेनच्याही वाट्याला हेच आलं

या गोष्टीचा पहिला खर्डा ऑस्टेननं साधारण १७९५ च्या सुमारास लिहिला, तेव्हा तिचे वडील हयात होते. १८०५ साली ते गेले आणि ऑस्टेन, तिची बहीण आणि आई यांना भावांच्या मदतीवर दिवस काढावे लागले. चार वर्षांनी एडवर्ड या भावानं चॉटन गावात राहायला घर दिलं. तिथे बसून तिनं जुना खर्डा पुन्हा लिहून काढला.

पुस्तकावर तिचं नाव नव्हतं, फक्त 'एका स्त्रीकडून' असं छापलं होतं. छपाईच्या नुकसानीची जोखीम तिनं स्वतः घेतली होती. पहिली आवृत्ती संपली आणि तिच्या हातात नफ्याचे १४० पौंड पडले.

एमा थॉम्पसनची पाच वर्षं

निर्माती लिंडसे डोरान हिनं पटकथेसाठी अभिनेत्री एमा थॉम्पसनला निवडलं. एमानं याआधी एकाही चित्रपटाची पटकथा लिहिली नव्हती. अनेक खर्डे करत तिनं यावर जवळपास पाच वर्षं घालवली.

तिनं मूळ गोष्टीत महत्त्वाचे बदल केले. कादंबरीत नावापुरती असलेली मार्गारेट सिनेमात नकाशात रमणारी, नको ते प्रश्न विचारणारी खट्याळ मुलगी झाली. कादंबरीत विलोबी शेवटी एलिनॉरसमोर येऊन आपली बाजू मांडतो, सिनेमात त्याला ती संधीच नाही. एका प्रसंगात एलिनॉर एडवर्डला सांगते की त्याला निदान वारसा मिळेल, तिच्यासारखीला तर कमावताही येत नाही. अख्ख्या सिनेमाचं मर्म इथे आहे.

कादंबरीत एलिनॉर एकोणीस वर्षांची आहे. थॉम्पसन तेव्हा छत्तिशीत होती, म्हणून सिनेमात तिचं वय वाढवलं. मॅरियन झालेली केट विन्स्लेट मात्र चित्रीकरणाच्या वेळी खरोखर एकोणीस वर्षांची होती. 'टायटॅनिक' अजून दोन वर्षं दूर होता.

तैवानचा दिग्दर्शक कसा काय?

इतक्या अस्सल इंग्रजी गोष्टीसाठी दिग्दर्शक निवडला तो तैवानचा अँग ली. त्याच्या आधीच्या 'द वेडिंग बँक्वेट' आणि 'ईट ड्रिंक मॅन वुमन' या सिनेमांत मान-मर्यादा सांभाळणारी कुटुंबं होती आणि मनातलं बोलू न शकणारी माणसं. डॅशवूडांच्या घरात तरी वेगळं काय आहे?

हॅरी पॉटरच्या चाहत्यांनी तर हा सिनेमा पाहायलाच हवा. स्नेप झालेला अ‍ॅलन रिकमन इथे कर्नल ब्रँडन आहे. ट्रेलॉनी, अम्ब्रिज, मॅडम पॉम्फ्री आणि मंत्री फज साकारणारे कलाकारही याच सिनेमात भेटतात.

सुमारे १ कोटी ६० लाख डॉलर खर्चून बनलेल्या सिनेमानं जगभरात साधारण १३ कोटी ५० लाख डॉलर कमावले. बर्लिन महोत्सवात 'गोल्डन बेअर' मिळालं. ऑस्करची सात नामांकनं मिळाली, त्यात दिग्दर्शनाचं मात्र नव्हतं. पटकथेचं ऑस्कर एमा थॉम्पसननं जिंकलं. अभिनय आणि लेखन, दोन्हींसाठी ऑस्कर मिळवणारी ती एकमेव व्यक्ती आहे.

भारतातल्या डॅशवूड बहिणी

याच कादंबरीवर राजीव मेनन यांनी २००० साली 'कंडुकोंडेन कंडुकोंडेन' हा तमिळ सिनेमा केला. तब्बू आणि ऐश्वर्या राय बहिणी, सोबत मामूट्टी आणि अजित, संगीत ए. आर. रहमान यांचं. इथेही मृत्युपत्रामुळे वाडा हातचा जातो आणि मायलेकी चेन्नईला येतात.

पण एक मोठा फरक आहे. तब्बूची सौम्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते आणि ऐश्वर्याची मीनाक्षी पार्श्वगायिका होते. एलिनॉरला जे जमणार नव्हतं, ते या दोघी करतात. स्वतःच्या पायावर उभं राहता आलं की नवरा निवडण्याचा प्रश्नही बदलतो, पोटाचा न राहता मनाचा होतो.

१९९५ च्या सिनेमाचा शेवट मॅरियनच्या लग्नानं होतो. चर्चबाहेर ब्रँडन रिवाजाप्रमाणे मूठभर नाणी हवेत उधळतो आणि लांब टेकडीवर घोड्यावर बसलेला विलोबी ते पाहून निघून जातो. पैशावरून सुरू झालेली गोष्ट पैशावरच थांबते.

ऑस्कर स्वीकारताना एमा थॉम्पसननं सांगितलं होतं की सोहळ्याला येण्याआधी ती विंचेस्टर कॅथेड्रलमध्ये ऑस्टेनच्या समाधीवर जाऊन आली, नमस्कार केला आणि सिनेमानं किती कमाई केली तेही तिला सांगितलं. सभागृहात हशा पिकला. १४० पौंडांचा नफा मिळवलेल्या लेखिकेला मात्र तो आकडा ऐकायला नक्कीच आवडला असता.