'घराण्यात आहे का?'

कुष्ठरोगाचे नाव निघाले की आपल्याकडे आजही पहिला प्रश्न येतो, "त्यांच्या घराण्यात आहे का?" स्थळ बघताना तर हमखास. या प्रश्नाचा इतिहास समजून घ्यायला हवा.

नॉर्वेतील बर्गेनचे डॉ. डॅनियलसन यांनी १८४७ साली आपले सहकारी बोएक यांच्यासह कुष्ठरोगावर ग्रंथ लिहिला. हा रोग आनुवंशिक आहे, असे त्यांचे मत होते. त्यांनी रुग्णाच्या गाठीतील द्रव्य स्वतःला टोचून घेतले, तरी रोग झाला नाही. पुढे त्यांचेच जावई हॅन्सन यांनी १८७३ मध्ये या रोगाचा जंतू शोधला. सासरे हरले, जावई जिंकले.

या विजयाची किंमत मात्र रुग्णांनी मोजली. संसर्गाची भीती पसरली. भारतात १८९८ च्या कायद्याने निराधार रुग्णाला वॉरंटशिवाय पकडून कोंडता येऊ लागले. तो कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडले.

मग डॅनियलसन यांना रोग का झाला नाही? कारण बहुतेक माणसांची प्रतिकारशक्ती या जंतूला पुरून उरते. उरलेल्या थोड्यांत जनुकांचाही वाटा असतो. 'एचएलए' ही जनुके जंतूचे तुकडे संरक्षक पेशींना 'दाखवण्याचे' काम करतात. डेन्मार्कमधील ओडेन्स येथे मध्ययुगीन कुष्ठालयाच्या दफनभूमीतील ६९ रुग्णांच्या हाडांतून संशोधकांनी डीएनए मिळवला. त्यांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. या रुग्णांत एचएलएचा एक विशिष्ट प्रकार इतरांपेक्षा जास्त आढळला. आजच्या भारत, चीन आणि ब्राझीलमधील रुग्णांतही त्याचा संबंध दिसला आहे.

म्हणजे सासऱ्यांच्या म्हणण्यातही थोडे तथ्य होते. पण वारशाने रोग येत नाही, फार तर त्याला बळी पडण्याची शक्यता येते. जंतूशिवाय रोग नाही, आणि औषधाने तो पूर्ण बरा होतो.

१९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात पतीचा कुष्ठरोग हे पत्नीला तलाक मागण्याचे एक कारण होते. हिंदू विवाह कायद्यातही असे कलम होते. २०१९ मध्ये संसदेने दोन्हीकडून ते काढून टाकले. कायद्याने आपली चूक दुरुस्त केली. आता स्थळ बघताना तो प्रश्न विचारणे आपणही सोडायला हवे.