रेशीमकाठी धोतर आणि मसूरचे स्टेशन

#थ्रेड

१/ सन १९०१ च्या सुमाराची गोष्ट. सातारा जिल्ह्यातील मसूर स्टेशनच्या फलाटावर काही मुले सामानासह वडिलांची वाट पाहत उभी होती. अंगात इंग्रजी धाटणीचे नवे सदरे, डोक्यावर चमचमत्या टोप्या, पायांत नवे जोडे आणि कमरेला रेशीमकाठी धोतरे. स्टेशनमास्तरांनी आपुलकीने चौकशी केली. मुले ब्राह्मणाची असावीत, अशी त्यांची पक्की समजूत झाली होती.

२/ मग त्यांनी जात विचारली. नऊ वर्षांच्या मुलाने मागचापुढचा विचार न करता खरे ते सांगितले, 'आम्ही महार.' स्टेशनमास्तरांचा चेहरा पालटला आणि ते आपल्या खोलीकडे निघून गेले. सदरे, टोप्या, धोतरे सारे तसेच होते, पण पाहणाऱ्याची नजर बदलली होती. त्या मुलाचे नाव भीमराव रामजी आंबेडकर.

३/ वाढत्या वयात 'चारचौघांसारखे दिसावे' ही ओढ प्रत्येकाला लागते. वडीलधारी माणसे तिला खूळ म्हणतात, मानसशास्त्र तिला समवयस्कांचा दबाव म्हणते. महाराष्ट्राच्या इतिहासात मात्र ही ओढ केवळ हौसेची बाब राहिली नाही. कोणी कसे दिसावे, हे गाव ठरवीत असे. म्हणून इतरांसारखे दिसणे हीच कित्येकांसाठी बंडखोरी ठरली.

४/ मसूरचा प्रसंग नीट समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. भीमरावांचे वडील, सुभेदार रामजी, सैन्यातून निवृत्त झाल्यावर खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे रोखपालाची नोकरी करीत होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून तेथे तलावाचे खोदकाम सुरू होते. आई हयात नव्हती. मुले साताऱ्यात आत्याजवळ राहत. उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांनी बोलावले आणि या पहिल्याच रेल्वेप्रवासासाठी नवे कपडे तयार झाले.

५/ त्या कपड्यांचे मोल साताऱ्यातील दिनक्रमावरून कळते. शाळेत भीमरावांना स्वतःच्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि ते गोणपाट रोज घरी न्यावे लागे. गावात परीट होते, त्यांना पैसे देण्याची ऐपतही होती. पण अस्पृश्यांचे कपडे धुण्यास कोणी तयार नसे. कपडे घरीच धुतले जात. स्वच्छ, नवा सदरा घालून फलाटावर उभे राहणे ही त्या मुलांसाठी साधी गोष्ट नव्हती.

६/ वडिलांना पत्र पोहोचलेच नव्हते, त्यामुळे स्टेशनवर कोणी आले नाही. बैलगाडीवाले विटाळाच्या भीतीने तयार होईनात. अखेर दुप्पट भाड्याच्या बोलीवर एक जण राजी झाला, पण अट अशी की गाडी मुलांनी हाकावी आणि तो पायी चालेल. बरोबर जेवण भरपूर होते, पाणी मात्र कोणी देईना. रात्री टोलनाक्यावर भीमरावांनी उर्दूत बोलून आपण मुसलमान असल्याचे सांगून पाहिले. तरीही पाणी मिळाले नाही.

७/ पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात आंबेडकरांनी हा प्रसंग सविस्तर नोंदवला. अस्पृश्यतेचे नियम त्यांना आधीपासून ठाऊक होते, पण त्या रात्रीचा आघात वेगळा होता. पोशाख माणसाला काही क्षण वेगळी ओळख मिळवून देऊ शकतो. ती ओळख टिकवणे त्याच्या हातात नसते, हे त्या मुलाने वयाच्या नवव्या वर्षी अनुभवले.

८/ धोतराच्या काठाला एवढे महत्त्व कशासाठी, असा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर जानेवारी १९२८ मधील एका वृत्तात सापडते. होळकरांच्या इंदूर परिसरातील पंधराएक गावांतील सवर्णांनी बलाई समाजाला काही नियम घालून दिले. जरीकाठी पगडी बांधू नये, रंगीत वा नक्षीदार काठाचे धोतर नेसू नये, स्त्रियांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत. हे वृत्त आंबेडकरांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये पुरावा म्हणून मांडले.

९/ ही प्रथा एका प्रांतापुरती नव्हती. त्रावणकोर संस्थानात नाडर स्त्रियांना उच्चवर्णीयांप्रमाणे छाती झाकण्याची मुभा नव्हती. त्या हक्कासाठी कित्येक दशके संघर्ष झाला, दंगली उसळल्या आणि १८५९ साली संस्थानाला जाहीरनामा काढावा लागला. तरीही वस्त्र नेमके कसे घ्यावे, यावरचे निर्बंध पूर्णपणे उठले नाहीत.

१०/ अशा नियमांच्या अंमलबजावणीला दरवेळी शिपाई लागत नसे. एकाने काठाचे धोतर नेसले, तर राग साऱ्या वस्तीवर निघेल, ही भीती पुरेशी असे. त्यामुळे आपलीच माणसे मुलाला आवरीत, 'आपण आपल्या पायरीने राहावे'. समवयस्कांचा आणि घरच्यांचा दबाव हाच व्यवस्थेचा पहारेकरी होत असे. मूल मोठे होते ते अशा सांगण्यातून, आणि हळूहळू त्याला ती पायरी आपलीच वाटू लागते.

११/ हा पहारा मोडण्याचा एक जाहीर प्रयत्न महाडला झाला. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी पिऊन सत्याग्रहींनी हक्क बजावला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुन्हा परिषद भरली आणि २५ तारखेला मनुस्मृतीचे दहन झाले. इतिहासाची पुस्तके बहुधा येथे थांबतात. परिषदेच्या अखेरीस आंबेडकरांनी स्त्रियांसमोर जे भाषण केले, त्याचा विषय मात्र थेट पोशाखाचा होता.

१२/ त्या काळी अस्पृश्य स्त्रियांचे लुगडे गुडघ्यापर्यंत आखूड नेसलेले असे; गळ्यात आणि हातांत कथलाचे वा चांदीचे जाडजूड दागिने असत. दुरून पाहणाऱ्यालाही जात कळावी, असा तो वेश होता. ज्या खुणांवरून जात ओळखली जाते त्या खुणाच टाकून द्या, लुगडे इतर स्त्रियांप्रमाणे पायघोळ नेसा, वस्त्र फाटके असले तरी स्वच्छ ठेवा, असे आंबेडकरांनी सांगितले. मुलींना शिकवा, हेही त्याच भाषणात होते.

१३/ परिणाम तत्काळ दिसला. परिषदेला आलेल्या स्त्रियांनी तेथेच लुगडे नेसण्याची पद्धत बदलली. चळवळीतील सवर्ण सहकाऱ्यांच्या घरच्या स्त्रियांनी त्यांना नव्या पद्धतीने नेसण्यास मदत केली. नवे कापड लागले नाही, पैसा लागला नाही. तेच लुगडे काही बोटे खाली आले.

१४/ या घटनेतील एक बारकावा तरुण वाचकांनी ध्यानात ठेवावा. एकटी स्त्री गावात पायघोळ लुगडे नेसून निघाली असती, तर तिची गाठ साऱ्या गावाशी पडली असती. महाडमध्ये अनेकींनी एकाच वेळी बदल केला. जो समूहाचा दबाव आजवर 'पायरीने राहा' असे सांगत होता, तोच उलटा फिरून 'आता मागे राहू नको' असे सांगू लागला.

१५/ आंबेडकरांच्या स्वतःच्या पोशाखाचा अर्थही येथून लागतो. सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराई येथे गांधीजींनी अंगरखा-टोपी सोडून पंचा स्वीकारला. ज्याला चांगले वस्त्र सहज मिळू शकत होते, त्याने ते सोडणे हा त्याग ठरला. ज्यांना ते नाकारले गेले होते, त्यांच्या नेत्याने नीटनेटका सूट घालणे हा हक्काचा उच्चार ठरला. गावोगावच्या पुतळ्यांवरील निळा कोट त्या उच्चाराचीच आठवण आहे.

१६/ आता मराठवाड्याकडे वळू. जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुका आणि त्यातील पिंपळगाव रेणुकाई हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात, औरंगाबाद जिल्ह्यात होता. उच्च शिक्षणाची वाट १९१८ साली स्थापन झालेल्या उर्दू माध्यमाच्या उस्मानिया विद्यापीठाकडे जाई आणि तेथील विद्यार्थ्याचा पोशाख म्हणजे शेरवानी. धोतर नेसून वाढलेल्या मुलाला भाषा आणि वेश, दोन्ही बदलून शिकावे लागे.

१७/ पोलीस कारवाईनंतर, १९५० साली, आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. मराठवाड्याच्या खेड्यांतील दलित मुले मोठ्या संख्येने प्रथमच महाविद्यालयात आणि वसतिगृहात आली. वर्गात बसण्यासाठी वेगळे गोणपाट आणावे लागत नव्हते. सातारच्या शाळेतील मुलाने स्वतःला न मिळालेली गोष्ट पुढच्या पिढीसाठी अशी उभी केली.

१८/ शालेय गणवेशाचा इतिहासही याच प्रश्नाभोवती फिरतो. 'क्राइस्ट्स हॉस्पिटल' ही शाळा १५५२ साली लंडनमध्ये गरीब मुलांसाठी निघाली. तिचा लांब निळा कोट आजही प्रसिद्ध आहे. निळा रंग स्वस्त होता आणि तो कोट धर्मादायावर शिकणाऱ्याची खूण होता. म्हणजे गणवेशाने सर्वांना सारखे केले, तसेच प्रसंगी काहींना वेगळे करून दाखवले.

१९/ हा दुहेरीपणा महाराष्ट्राच्या सरकारी शाळांनीही पाहिला. सर्व शिक्षा अभियानात मोफत गणवेश सर्व मुलींना, तसेच अनुसूचित जाती, जमाती व दारिद्र्यरेषेखालील मुलांना मिळे. हेतू चांगला होता. पण एकाच बाकावरील दोन मुलांपैकी एकाला गणवेश मिळे आणि दुसऱ्याला नाही. कोणाला मिळाला यावरून कोण कोणत्या गटातला, हे साऱ्या वर्गाला कळे.

२०/ २०२३ मध्ये राज्याने पहिली ते आठवीच्या उरलेल्या मुलांनाही या योजनेत घेतले. २०२४-२५ साठी 'एक राज्य, एक गणवेश' या धोरणाने कापडाची खरेदी राज्यस्तरावर गेली. गणवेश उशिरा मिळाल्याच्या आणि मापे चुकल्याच्या तक्रारी आल्या. डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय बदलून हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्यात आले. मुलाचे माप गावातल्या शिंप्याला अधिक चांगले ठाऊक असते, हे त्यातून पुन्हा सिद्ध झाले.

२१/ पिंपळगाव रेणुकाई आज हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाते. अशा गावात मिरचीचा भाव घरातील नव्या कपड्यांपर्यंत पोहोचतो. भाव पडलेल्या वर्षी थोरल्याचा सदरा धाकट्याच्या अंगावर येतो. मोबाइलच्या पडद्यावर मात्र शहरातील मुलांचे बूट आणि जीन्स रोज दिसतात. 'मित्रांकडे आहे, मला का नाही' हा हट्ट ऐकताना मोठ्यांना खर्च दिसतो. मुलाला आपण घोळक्याबाहेर पडू ही भीती दिसते.

२२/ त्या भीतीला हसण्यापूर्वी इतिहास आठवावा. १९०१ मध्ये रेशीमकाठी धोतराने नऊ वर्षांच्या मुलाला काही मिनिटांपुरते घोळक्यात घेतले आणि एका प्रश्नाने ते स्थान काढून घेतले. १९२७ मध्ये महाडच्या स्त्रियांनी ते स्थान एकजुटीने मिळवण्याचा प्रयत्न केला. दोन्ही प्रसंगी कापडापेक्षा पाहणाऱ्याची नजर निर्णायक होती.

२३/ म्हणून वर्गातील जुन्या सदऱ्याच्या मुलाकडे कोण कसे पाहतो, हे त्या सदऱ्याच्या किमतीइतकेच महत्त्वाचे आहे. मसूरच्या स्टेशनमास्तरांना ती मुले आवडली होती. जात कळेपर्यंत ते त्यांच्याशी प्रेमाने बोलत होते. त्यांनी पुढचा प्रश्न विचारलाच नसता, तर कदाचित त्या रात्री मुलांना प्यायला पाणी मिळाले असते.

(समाप्त)