काळी, पांढरी आणि घराचें अंगण

शीत प्रदेशांत घराभोंवतीं फरसबंदी, पायऱ्या किंवा बागेची भिंत घालावयाची झाल्यास पहिला विचार हिमाचा करावा लागतो. पाणी गोठलें म्हणजे त्याचें आकारमान सुमारें ९ टक्क्यांनीं वाढतें. शिवाय बारीक कणांची माती खालचें पाणी वर ओढून घेते, व तें थराथरांनीं गोठून वरची फरशी उचलून टाकतें. म्हणून तिकडील गवंडी माती खोल उकरून तेथें खडी भरतो व पाण्यास वाट करून देतो. हिंगोलीकडे असें हिम कोठून असणार? तथापि हाच प्रश्न तेथील गृहस्थासही शेंकडों वर्षें सोडवावा लागला आहे.

त्याचें कारण काळी माती. सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा खडक झिजून ही माती झाली. ती पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगते आणि वैशाखांत आकसून भेगाळते. कयाधूच्या कांठचें शेत उन्हाळ्यांत ज्यानें पाहिलें आहे, त्यास या भेगांचें वर्णन सांगावयास नको. कापसाच्या मुळांस ही हालचाल मानवते. भिंतीस मानवत नाहीं.

जुन्या कागदपत्रांत गांवच्या जमिनीचे दोन भाग येतात. शेताची ती काळी, वस्तीची ती पांढरी. हा भेद केवळ सारावसुलीच्या सोयीचा होता, असें समजण्याचा प्रघात आहे; आम्हांस तो पुरेसा वाटत नाहीं. पांढरी माती पाहून गांव वसलें, असें मात्र कोणी म्हणूं नये. पडलेल्या मातीच्या भिंती, चुलीची राख, शेण, केरकचरा यांचे थर पिढ्यानुपिढ्या साचून पांढरीचें टेंकाड तयार होतें. म्हणजे गांव वसलें म्हणून जमीन पांढरी झाली. परंतु एकदां ती झाल्यावर पुढील पिढ्या तिच्यावरच घरें बांधीत राहिल्या. घरांखालीं फुगणारी माती आली नाहीं आणि सुपीक जमीन पिकास मोकळी राहिली. आमच्याकडे नगररचनेचे ग्रंथ नाहींत म्हणून खंत करणाऱ्यांनीं हें एवढें तरी पाहावें.

औंढा येथील नागनाथाचें यादवकालीन देऊळ याच मुलुखांतलें. त्याच्या वरच्या भागाचें काम मागाहून झालेलें आहे, खालचें दगडी अंग जुनें. शिल्पाचे रसिक तेथील मूर्ती पाहतात व निघतात. आम्ही वाचकांस क्षणभर खालीं, उंच जोत्याकडे पाहावयास सांगूं. घडीव दगडांचें हें जोतें भिंतीस ओल्या जमिनीपासून दूर धरतें.

वाड्यांनींही लहान प्रमाणांत हेंच केलें. काळी उकरून मुरूम भरावयाचा, तो पाणी मारून धुमसावयाचा, मग जोतें. चौकास उतार द्यावयाचा, पन्हळीचें पाणी मोरीवाटे भिंतीपासून लांब न्यावयाचें. स्कॉटलंडच्या मॅकॅडमनें (१७५६–१८३६) रस्त्यांविषयीं हेंच प्रतिपादन केलें, कीं भार खरोखर मूळची जमीनच वाहते व ती कोरडी ठेवली तर वाहूं शकते. त्याचें नांव जगभर झालें. आमच्या गवंड्याचें त्याच्या गांवींही राहिलें नाहीं.

१ मे १९९९ रोजीं परभणींतून निघून हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्ह्याचें ठिकाण झालें म्हणजे गांव वाढावयाचेंच, व पांढरी पुरेनाशी झाली कीं घरें काळींत उतरावयाचीं. त्यास आमची हरकत नाहीं. हरकत आहे ती काळींत घर बांधून पांढरीच्या निर्धास्तपणें अंगण करण्यास. मातीवर थेट काँक्रीट ओतलें म्हणजे पावसाळ्यांत कडेची माती भिजून फुगते, मधली कोरडी राहते. उन्हाळ्यांत कडा प्रथम सुकून खचतात. तो एकजीव पत्रा मग मोडतो, आणि भेगेंतून गेलेलें पाणी घराच्या पायाशीं मुरतें. यापेक्षां सध्यांचे सिमेंटचे ठोकळे पुष्कळ बरे, मात्र खालीं मुरूम-खडीचा भरपूर थर हवा. ते उचलून पुन्हां बसवितां येतात. चुन्यांत न जखडलेली जुनी शहाबादी फरशीही अशीच उचलतां येई. दिसावयास तें ठिगळ वाटेल, पण अंगण टिकतें.

झाडांचेंही तसेंच आहे. लिंबाची सावली दाराशीं असावी असें सर्वांस वाटतें. पण मोठें झाड उन्हाळ्यांत भिंतीखालची ओल शोषून घेतें व माती अधिकच आकसते. वाढलेल्या झाडाची जेवढी उंची, तेवढें अंतर भिंतीपासून सोडावें. लहान आवारांत लिंबाऐवजीं कढीलिंब, जास्वंद, पारिजातक लावावा, आणि त्यांस रोजचें पाणी भिंतीच्या बुडाशीं घालूं नये. तुळशीवृंदावनास घराच्या जोत्याशीं न जोडतां स्वतःचा वेगळा पाया द्यावा. म्हणजे तें हललें तरी घरास ओढीत नाहीं.