दलदलीचे बिनपगारी राखणदार

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं मॅसॅच्युसेट्स या संस्थानाच्या कायद्यांची संहिता उघडली, तर तिच्या चाळिसाव्या प्रकरणांत आठ-ए आणि आठ-सी अशीं दोन कलमें अगदीं जवळजवळ आढळतात. पहिल्या कलमानें गांवोगांवच्या लोकांना आपल्या औद्योगिक साधनसंपत्तीच्या वाढीसाठीं एक मंडळ नेमण्याची मुभा दिली. दुसरें कलम १९५७ सालीं झालें, आणि त्यानें तशाच प्रकारचें मंडळ नैसर्गिक साधनसंपत्तीसाठीं नेमावयास परवानगी दिली. दोहोंचे आरंभीचे शब्द ताडून पाहिले, म्हणजे दुसरें पहिल्यावरून बेतलें आहे हें लपत नाहीं. एक विशेषण काढून त्याच्या जागीं दुसरें बसविलें आहे, इतकेंच. कारखाना गांवांत यावा म्हणून खटपट करणारांसाठीं जो सांचा घडविला, त्याच सांच्यांतून दलदलीचे राखणदार ओतून काढले गेले. या मंडळांचा पुढील इतिहास वाचतांना त्यांच्या जन्मपत्रिकेंतील हा योग ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

ज्या गांवानें असें मंडळ प्रथम स्थापन केलें तें इप्स्विच. बोस्टनच्या ईशान्येस समुद्रकांठीं वसलेलें हें गांव १६३३ सालचें. त्याच्या भोंवतीं खाऱ्या पाण्याची जी दलदल पसरली आहे, ती न्यू इंग्लंडांतील सलग खारदलदलींत सर्वांत मोठी मानली जाते. पहिल्या वसाहतवाल्यांना तेथें गुरांसाठीं आयतें गवत मिळालें आणि चिखलांत शिंपल्या मिळाल्या. इप्स्विचच्या शिंपल्यांचें नांव अद्याप खवय्यांच्या तोंडीं आहे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांतच त्या वसाहतीच्या एका हुकुमानें भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यांत मासे धरण्याचा व पक्षी टिपण्याचा हक्क सर्व लोकांसाठीं राखून ठेवला होता, आणि तो हक्क आजहि शाबूत आहे. गांवचा कारभार पाहावा तर मतदार स्वतः एकत्र जमून खर्चाचे ठराव करतात व मतें देतात. आपल्याकडील ग्रामसभेची आठवण व्हावी असा हा प्रकार आहे. सभा पांगली कीं दैनंदिन काम निवडलेल्या थोड्या पंचांकडे आणि बिनपगारी समित्यांकडे जातें. आपल्या मंडळाचा जन्म या वातावरणांतला आहे. वरून कोणा मंत्र्यानें तें लादलें नाहीं.

गवताचें मोल उतरलें, तेव्हां दलदलीचेंहि मोल उतरलें. ती डांसांचें माहेर ठरली. ती भरून काढणें हें पुण्यकृत्य झालें. बोस्टन शहरानें १८५७ पासून आपल्या पाठीमागची खाडीच मातीनें भरून तिच्यावर धनिकांची वस्ती उभारली, आणि तो एक पराक्रम म्हणून गाजला. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी, सडका आणि घरें यांची एकच धांदल उडाली. कोरडी जमीन महाग, दलदल स्वस्त. त्यामुळें मातीच्या गाड्या दलदलीकडे वळल्या. त्यांना अडविण्याचें साधन गांवाच्या हातीं जवळजवळ नव्हतें. कारखान्यासाठीं बोलणारें मंडळ होतें, शाळेसाठीं होतें, रस्त्यांसाठीं होतें. ओल्या जमिनीसाठीं बोलणारें कोणी नव्हतें.

१९५७ च्या कलमानें काय दिलें? तीन ते सात सभासद, तीन वर्षांची मुदत, आणि काम बहुधा विनावेतन. मंडळानें गांवच्या जमिनींचा अभ्यास करावा, अशाच कामांत पडलेल्या खासगी संस्थांशीं मेळ घालावा, नकाशे व पुस्तिका छापाव्या, देणग्या घ्याव्या, सभांची नोंद नीट ठेवावी आणि वर्षाचा अहवाल सादर करावा. मनाई करण्याचा अधिकार त्यांत कोठेंहि नव्हता. परंतु एक काम असें होतें कीं, माझ्या मतें सर्व कलमाचा प्राण त्यांतच आहे: गांवांतील सर्व मोकळ्या जागांची, दलदली, पाणथळी आणि खाजणें यांच्यासह, एक सूची मंडळानें ठेवावी. वरवर पाहतां हें कारकुनी काम आहे. पण ज्या जमिनीला गांवच्या दप्तरांत 'निरुपयोगी' याखेरीज दुसरें नांव नव्हतें, तिला या सूचीमुळें प्रथमच नांव, हद्द व क्षेत्रफळ प्राप्त झालें. सूची करावयाची म्हणजे कोणीतरी गुडघाभर चिखलांत उतरून ओढा कोठून येतो आणि कोठें जातो हें पाहिलें पाहिजे. शाळामास्तर, गृहिणी, पेन्शनर अशीं माणसें सुट्टीच्या दिवशीं हें काम करूं लागलीं, कीं गांवाला आपल्याच जमिनीची ओळख पटूं लागते. भरून टाकलेल्या दलदलीचा शोक करावयाचा, तरी ती आधीं कोणाला ठाऊक असावी लागते!

१९६० सालीं संस्थानानें मोकळी जमीन विकत घेणाऱ्या गांवांना निम्म्यापर्यंत खर्च परत देण्याची योजना केली, आणि ती या मंडळांच्या पथ्यावर पडली. १९६१ सालीं मंडळांचा संघ निघाला. आज मॅसॅच्युसेट्समधील ३५१ च्या ३५१ गांवांना व शहरांना असें मंडळ आहे. शेजारच्या संस्थानांनीं हीच वाट धरली; न्यू हॅम्पशायरनें १९६३ सालीं आणि न्यू जर्सीनें १९६८ सालीं. न्यू जर्सीनें पुढें त्यास 'पर्यावरण-मंडळ' हें अधिक व्यापक नांव दिलें, आणि नगररचना-मंडळाचा एक सभासद त्यांत असलाच पाहिजे असें ठरविलें, हें शहाणपणाचें केलें; कारण ज्याच्या हातीं घरांचे नकाशे मंजूर होतात त्याच्या कानीं चिखलाची वार्ता वेळेवर गेली पाहिजे. मोकळ्या जागांची सूची ठेवण्याचें काम न्यू जर्सीच्या कायद्यांतहि आहे.

सूचीनें ओळख झाली, पण मातीच्या गाड्या थांबल्या नाहींत. मग प्रश्न उभा राहिला तो असा: दलदल एका माणसाच्या मालकीची असेल आणि तिचा लाभ सर्व गांवाला होत असेल, तर ती जशीच्या तशी ठेवण्याचा खर्च त्या एकट्यानेंच कां सोसावा? डक्सबरी या किनाऱ्यावरील गांवाच्या अपील-मंडळानें खारदलदल भरण्यास परवानगी नाकारली, तेव्हां संस्थानाच्या सर्वोच्च न्यायालयानें १९६४ आणि १९७० सालीं गांवाविरुद्ध निकाल दिले. त्यांचा मथितार्थ असा होता कीं, लोकांच्या आनंदासाठीं खासगी जमीन निसर्गावस्थेंत ठेवावयाची तर गांवानें ती विकत घ्यावी. निर्बंधांच्या आडून फुकट घेऊं नये. निकाल कठोर खरा, पण त्यांतील न्यायबुद्धि नाकारतां येत नाहीं. दोनच वर्षांनीं, १९७२ सालीं, डेडम गांवाच्या प्रकरणांत त्याच न्यायालयानें चार्ल्स नदीच्या पूररेषेंतील बांधकामावरचे निर्बंध उचलून धरले. येथें प्रश्न शोभेचा नव्हता, पुराचा होता. एकानें आपल्या जमिनीवर भर घातली तर पाणी दुसऱ्याच्या घरांत शिरतें. आणि शेजाऱ्याच्या घरांत पाणी सोडण्याचा हक्क कोणाच्याहि मालकींत मोडत नाहीं.

१९७२ सालींच पाणथळ-संरक्षणाचा नवा कायदा झाला. १९६३ सालीं खाऱ्या आणि १९६५ सालीं गोड्या पाण्याच्या दलदलींसाठीं निरनिराळे कायदे झाले होते. ते येथें एकत्र झाले आणि अंमलबजावणीचें काम गांवच्या मंडळाकडे आलें. हा कायदा ज्या हितांचें रक्षण करतो तीं त्यांत मोजून सांगितलीं आहेत: पिण्याचें पाणी, भूजल, पूर, वादळी हानि, प्रदूषण, शिंपल्या, मासे, वन्य प्राण्यांचा निवारा पुढें १९८६ सालीं त्यांत घातला गेला. सौंदर्य हा शब्द या यादींत नाहीं. ज्यांनीं दलदल राखावयाचें मनावर घेतलें त्यांतील पुष्कळांना ओढ लागली होती ती बगळ्यांची आणि संधिप्रकाशांतील पाण्याची. परंतु न्यायालयापुढें उभें राहावयाचें तर पुराचीच भाषा बोलावी लागे. ती भाषा खोटी मात्र नव्हती. लष्कराच्या अभियंत्यांनीं चार्ल्स नदीच्या १९५५ आणि १९६८ च्या पुरांचा अभ्यास केला, तेव्हां वरच्या खोऱ्यांतील दलदली पाणी शोषून तें सावकाश सोडतात असें त्यांना आढळून आलें. नवें धरण बांधण्यापेक्षां त्या दलदलीच राखाव्या असें त्यांनीं सुचविलें. काँग्रेसनें १९७४ सालीं योजना मंजूर केली आणि १७ ठिकाणीं मिळून ८,१०३ एकर जमीन कांहीं मालकीनें व कांहीं हक्कानें सुरक्षित करण्यांत आली. धरणें बांधण्याची ज्यांची ख्याति, त्यांनीं धरण नको म्हणावें, ही साक्ष मोलाची आहे.

या कायद्यानें मंडळाचें स्वरूप पालटलें. पाणथळीपासून १०० फुटांच्या आंत कोणास कांहीं बांधावयाचें असेल तर त्यानें मंडळाकडे अर्ज करावा. मंडळानें २१ दिवसांत जाहीर सुनावणी घ्यावी, ती संपल्यावर २१ दिवसांत अटींचा हुकूम द्यावा. तो हुकूम काम सुरू होण्यापूर्वीं जमिनीच्या दस्तऐवजांत नोंदवावा लागतो, म्हणजे पुढें जमीन घेणारासहि त्याचा पत्ता लागतो. दलदल कोठें संपते हें ठरवावयाचें तर वनस्पतींकडे पाहावें लागतें. कायद्याच्या पोटांतच पाणकणीस, तांबडा मेपल अशा झाडाझुडपांचीं नांवें लॅटिनसकट दिलीं आहेत. विधिमंडळाचें काम आणि वनस्पतिशास्त्र यांचा असा संयोग क्वचितच पाहावयास मिळतो.

काल ज्यानें चिखलांत उतरून सूची केली तोच आज टेबलाच्या पलीकडे न्यायाधीशासारखा बसला, आणि त्याच्यापुढें अर्जदार म्हणून कोण? बहुधा त्याचाच शेजारी. अंगणांत एक ओटा बांधावा एवढीच ज्याची इच्छा. एकीकडे बांधकाम कंपनीचे वकील आणि पगारी तज्ज्ञ, दुसरीकडे दिवसाचें काम उरकून सायंकाळीं आलेले पांचसात स्वयंसेवक, असा सामनाहि होतो. नको म्हटलें तर शेजारधर्म बुडतो. हो म्हटलें तर ओढा बुडतो. अशा पदावर फुकट बसावयास माणसें मिळतात याचेंच नवल वाटतें. पण या कामास पगारी अधिकारीच बरा, असें म्हणणें मला पटत नाहीं. अधिकाऱ्याला नियम ठाऊक असतो. गांवकऱ्याला तो ओढा ठाऊक असतो. संस्थानाच्या कायद्याहून कडक नियम करण्याचा गांवाचा अधिकार न्यायालयानें १९७९ सालीं केप कॉडवरील डेनिस गांवाच्या प्रकरणांत मान्य केला, त्याचें मर्म हेंच आहे.

तरीहि ही व्यवस्था कोठें तोकडी पडते हें पाहावयाचें तर पुन्हां इप्स्विचलाच जावें लागतें. इप्स्विच नदीच्या खोऱ्यांतील पाण्यावर सुमारें साडेतीन लाख माणसांची तहान भागते, आणि त्यांपैकीं पुष्कळ जण खोऱ्याबाहेर राहतात. १९९० नंतरच्या दशकांत उन्हाळ्यांत नदीच्या वरच्या भागाचे मैलच्या मैल कोरडे पडूं लागले. २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या भूशास्त्र-सर्वेक्षण खात्याच्या अभ्यासानें विहिरींतील भूजलाचा उपसा हें त्याचें मोठें कारण असल्याचें दाखविलें, आणि २००३ सालीं देशांतील सर्वांत संकटग्रस्त नद्यांच्या यादींत इप्स्विचचें नांव आलें. उपशाचे परवाने संस्थानाचें खातें देतें, आणि विहिरी दुसऱ्याच गांवांच्या हद्दींत असतात. गांवच्या मंडळास नदीकांठीं टाकलेल्या एका गाडीभर मातीचा जाब विचारतां येतो. वीस मैलांवर उपसलेल्या पाण्याचा जाब विचारतां येत नाहीं.

नदीसाठीं १९७७ सालीं एक स्वतंत्र संस्था निघाली आहे. तिचे स्वयंसेवक दर वसंतांत नदीकांठीं पाळीपाळीनें उभे राहून समुद्रांतून वर चढणारे हेरिंग मासे मोजतात, ठरलेल्या दिवशीं पाण्याचें तपमान आणि त्यांतील प्राणवायु मोजतात, आणि आंकडे लिहून ठेवतात.