न दिसणारे रक्त

घरातील म्हातारे माणूस ओसरीवरून पडते. जखम किरकोळ, हळद दाबली की घरचे ती गोष्ट विसरून जातात. तीन आठवड्यांनी ते बरळू लागते, एक पाय ओढू लागते, आणि घरचे म्हणतात, ‘वय झाले!’ आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही गावी घडावा असा हा प्रसंग आहे. पण दोष कित्येकदा वयाचा नसतो. कवटीच्या आत साकळलेल्या रक्ताचा असतो.

ह्या रक्ताचा शोध सहजी लागलेला नाही. १८५७ साली फिर्खो ह्या जर्मन पंडिताने हा विकार म्हणजे मेंदूच्या आवरणाचा दाह होय, असे प्रतिपादन केले. १९१४ साली विल्फ्रेड ट्रॉटर ह्या इंग्रज शल्यविशारदाने त्याचे मूळ आघातात असल्याचे दाखविले. वयपरत्वे मेंदू आक्रसतो, आवरणाकडे जाणाऱ्या शिरा ताणल्या जातात आणि लहानशा धक्क्यानेही तुटतात. १९२७ साली पोर्तुगालच्या मोनिझने मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे क्ष-किरण चित्र घेतले; त्यात सरकलेल्या वाहिन्यांवरून रक्ताचा तर्क करता येई. पुढे १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये हाउन्सफील्डच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन काढला, आणि साकळलेले रक्त चित्रात प्रत्यक्ष दिसण्याचा मार्ग खुला झाला.

परंतु निसर्गाने येथेही मेख मारून ठेवली आहे. ताजे रक्त चित्रात पांढरे दिसते, जुने काळसर. मधल्या काळात, साधारण एक ते तीन आठवडे, ते मेंदूच्याच करड्या रंगाचे होऊन त्यात लपते. रुग्णाच्या अंगी रक्त फार कमी असेल, तर ताजे रक्तही असेच फसविते. मग पुन्हा तर्काचाच आधार: मेंदूची मध्यरेषा सरकली आहे काय? घड्या कवटीपर्यंत पोहोचतात काय? रक्त दोन्ही बाजूंस असेल, तर मध्यरेषाही जागची हलत नाही. सत्तरीच्या मेंदूच्या घड्या तरुणासारख्या दाटलेल्या दिसल्या, तर जाणता डॉक्टर हर्षित न होता सावध होतो, आणि शिरेतून औषध देऊन पुन्हा चित्र घेतो किंवा एमआरआय करवितो.

१९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्यांनी जामखेडला कार्य आरंभिले आणि खेड्यातील स्त्रियांना आरोग्यसेविका केले. १९८४ साली लोणीस ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले. निदानाला ही दोन्ही टोके लागतात. कवटीला छिद्र पाडून हे रक्त वेळीच काढले, तर अंथरुणाला खिळलेला माणूसही पुष्कळदा चालू लागतो. मात्र पडल्याचा दिवस यंत्राला ठाऊक नसतो. तो घरच्यांनी आठवून सांगावा लागतो.