बदलीवाल्यांच्या रेघा

अ‍ॅपवरचं काम म्हणजे काहीतरी नवंच निघालंय असं कुणी म्हणालं की मला बदली कामगार आठवतो. गिरणीत कायमचा माणूस गैरहजर असला की त्याच्या साच्यावर बदलीवाला उभा राही. सकाळी गेटवर जायचं. जॉबरने, म्हणजे माणसं लावणाऱ्या मुकादमाने, बोट दाखवलं तर आत, नाहीतर घरी. जॉबरची मनमानी आणि चिरीमिरी मोडायला १९३५ साली बदली कार्डं आली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक माणसांना कार्ड मिळे आणि रोज गेटवर त्यांनीच यायचं. काम मिळेलच याची हमी मात्र कार्डातही नव्हती.

आमच्या आईची खाणावळ लालबागच्या चाळीत होती. जेवायला बहुतेक आमच्या संगमेश्वरकडचीच माणसं. झोपायला गावकीचा, म्हणजे गाववाल्यांनी मिळून घेतलेला, गाळा. एक पाळी उठली की तिच्या जागेवर दुसरी आडवी व्हायची. बातमी फिरायची ती जेवताना. कोण शिमग्याला निघालाय, कोण अंगावर ताप काढतोय, म्हणजे कुठल्या खात्यात जागा रिकामी होणार. गावाला निघालेला माणूस भात कालवता कालवताच जॉबरच्या कानावर कुणाचं नाव घालायचं ते ठरवी.

कायमवाल्याचा हिशेब पगाराला चुकता व्हायचा. बदलीवाल्याच्या नावापुढे आई नुसत्या जेवणाच्या रेघा मारायची. रेघा फार झाल्या की त्याच्या ताटातलं सुकट कमी होई, आणि ते सगळ्या पंगतीला दिसे. मग कुणीतरी म्हणायचा, "मावशी, त्याचे माझ्यात धरा." परगावच्या माणसासाठी असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. म्हणून त्या एकोप्याचे फार गोडवे मला गाववत नाहीत.

१९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, खाणावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळू लागलं. तोवर आई स्वतःच वाण्याच्या उधारीत. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि कायम नि बदली हा भेदच संपला. पैसे कुणाकडेच नव्हते. पिठलं-भाकरीवर आईने पावसाळ्यापर्यंत रेटलं. मग माणसं गावी गेली, रेघा वहीतच राहिल्या.

फिनिक्स गिरणीच्या जागी आता मॉल आहे. डिलिव्हरीची पोरं बाहेर दुचाकींना टेकून असतात. माझा भाचा त्यांतलाच. कुठे ऑर्डरी जास्त, कुठला वॉचमन लिफ्टमध्ये घेत नाही, सगळं त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. कुणी गाडीवरून पडला की वर्गणी निघते, गाव-तालुका न विचारता. देणाऱ्यांची नावं रकमेसकट ग्रुपवर येतात, न देणाऱ्यांचीही. आईला हे दुसरं जास्त आवडलं असतं.