साच्यातली वाकडी पाण्याची लाईन

वसईच्या धातूचा इतिहास सांगायचा म्हटलं की लोक घंटांपासून सुरू करतात. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि इथल्या चर्चमधल्या घंटा देशावरच्या देवळांत गेल्या. वाईजवळ मेणवलीला जी आहे तिच्यावर १७०७ साल आणि बाळ येशूला घेतलेली मारिया आहे. पण मी माणिकपूरचा, जन्म टूलरूममध्ये गेलेला. माझा इतिहास रेल्वे ओलांडून पूर्वेला, वालीव-सातिवलीच्या गाळ्यांमध्ये आहे. प्लास्टिकच्या झाकणांचे साचे आम्ही केले. झाकणावर कंपनीचं नाव येतं, साचा करणाऱ्याचं कुठेच येत नाही.

घंटा ओततात, साचा कोरतात. पोलादाचा ठोकळा घ्यायचा, मिलिंगवर नको तेवढं काढायचं, कोपरे स्पार्क मशीनवर, शेवटी स्टोन आणि डायमंड पेस्ट. हे सगळं जमतं. अडतं ते पाण्याशी. गरम प्लास्टिक थंड व्हायला साच्यात पाणी खेळवावं लागतं आणि ड्रिल जातं सरळ रेषेत. झाकणाची आतली बाजू घडवणारा साच्याचा कोअर बारीक असला की टोकापर्यंत पाणी पोचत नाही. टोक तापतं, माल वाकडा निघतो, नाहीतर थांबावं लागतं. मग शेठ सायकल टाइमवरून ओरडतो. आम्ही कोअरमध्ये पितळी पट्टी घालून पाणी वर चढवायचो, त्यावरच वर्षं काढली.

ही अडचण सुटली ती धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगने. आज त्याची बातमी येते ती रॉकेटची. ९ मे २०२४ ला इस्रोने पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचं असं छापलेलं इंजिन ६६५ सेकंद चालवलं. १४ भागांचा एक भाग झाला आणि ५६५ किलो मालाऐवजी १३.७ किलो पावडर पुरली. कौतुक आहेच. पण या छपाईच्या मशीनचा जन्म आमच्या धंद्याशी जास्त जवळचा, हे कोणी सांगत नाही. १९८६ मध्ये ऑस्टिनच्या कार्ल डेकार्डने लेझरने पावडर थरावर थर जोडायच्या पद्धतीचं पेटंट मागितलं. १९९५ ला जर्मनीच्या ईओएस कंपनीने धातूचं मशीन बाजारात आणलं, ते इंजेक्शन मोल्डिंगच्या साच्यांसाठीच. त्याच सुमारास आखेनच्या फ्राउनहोफर संस्थेत पावडर पूर्ण वितळवायची पद्धत निघाली.

लेझरने छापलेला पहिला कोअर हातात आला तेव्हा मी आधी त्याच्या भोकात हवा मारली. दुसऱ्या भोकातून निघाली. आत लाईन गोल-गोल फिरत थेट टोकापर्यंत गेलेली! रांगोळीहून बारीक पोलादी पावडरचा साधारण ४० मायक्रोनचा थर पसरायचा, त्यावर लेझर फिरवायचा, प्लेट खाली, पुन्हा थर. पाच सेंटिमीटर उंचीला हजारावर थर लागतात. चेंबरमध्ये नायट्रोजन भरलेला, म्हणजे धातू जळत नाही.

मात्र निघालेला माल राखाडी, खरखरीत. लाईनमधली पावडर आधी झटकायची, कारण भट्टीत ती आतच चिकटून बसते. मग ४९० अंशांच्या आसपास कडक करायचा, वायरकटवर प्लेटपासून कापायचा. पॉलिश आमच्याच पोराने करायचं, त्याच जुन्या स्टोनने.

असाच थरावर थर सिरॅमिकही छापतात, पण त्याचं गणित आणखी नाजूक. लेझरचा थेट चटका बसला की ते तडकतं. म्हणून बहुतेक ठिकाणी सिरॅमिकची पावडर रेझिनमध्ये कालवून प्रकाशाने घट्ट करतात, नंतर भट्टीत रेझिन जाळून भाजतात. भाजताना तुकडा चांगलाच आकसतो, तो हिशेब आधीच धरावा लागतो. आमच्या गाळ्यात ते कोणी करत नाही.

लेझरचा दर मशीनच्या तासावर लागतो. म्हणून आमच्याकडे अख्खा कोअर सहसा छापत नाहीत. खालचा ठोकळा वालीवला मिलिंगवर, वरचं टोक तेवढं त्यावर पावडरचं चढवायचं. जोडातून पाणी झिरपलं, की मिलिंगवाला लेझरवाल्याकडे बोट दाखवतो आणि लेझरवाला मिलिंगवाल्याकडे.